छातीपट्ट्यातला सेल नऊ दिवसांत का संपतो? अंगावरच्या आरोग्य-संवेदकांतील कमी विजेच्या बिनतारी चिपविषयी

मंगळवारपेठी (धागाकर्ता)

नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे कंट्रोल पॅनेल आणि छोट्या इलेक्ट्रॉनिक जोडण्यांचे वर्कशॉप आहे. गेल्या उन्हाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारले, की भट्टीसमोर आणि ओतकामावर उभ्या असणाऱ्या माणसांच्या हृदयाचे ठोके पाळीभर मोजता येतील असा पट्टा तयार करता येईल का. त्या महिन्यात त्यांच्याकडे दोन कामगार भोवळ येऊन खाली बसले होते आणि वेळीच लक्ष गेले म्हणून निभावले. काम मनाला भिडले, म्हणून मी ते घेतले.

तीन महिन्यांत सहा पट्टे तयार केले. छातीभोवती बांधायचा लवचिक पट्टा, त्यात दोन इलेक्ट्रोड, हृदयाचा क्षीण विद्युतसंदेश वाढवणारी एडी८२३२ ही चिप, आणि प्रोसेसर व रेडिओ एकाच तुकड्यात असलेली, ब्लूटूथ लो एनर्जीवर (पुढे बीएलई म्हणतो) बोलणारी एनआरएफ५२८३२ ही चिप. वीज सीआर२०३२ या बटणसेलची, म्हणजे ३ व्होल्ट आणि साधारण २२० मिलिअँपिअर-तास. रेडिओ-चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, झोपेतला प्रवाह सुमारे दोन मायक्रोअँपिअर दिलेला आहे आणि शून्य डीबीएमवर (डीबीएम हे रेडिओच्या ताकदीचे माप) प्रक्षेपण करताना ५.३ मिलिअँपिअर. हे आकडे वाचून एका सेलवर सहा महिने निघतील असे मी व्यवस्थापकांना सांगितले. पहिला पट्टा नवव्या दिवशी बंद पडला आणि बाकीचे पाच त्याच आठवड्यात.

चिप डेटाशीटप्रमाणेच वागत होती. चूक माझ्या हिशेबात होती. सेलच्या वाटेत १० ओहमचा रोध घालून ऑसिलोस्कोपवर पाहिले तेव्हा उलगडा झाला. ईसीजीची, म्हणजे हृदयाचा आलेख घेणारी, एडी८२३२ चिप कधी झोपतच नव्हती आणि तिचे १७० मायक्रोअँपिअर अखंड चालू होते. प्रोसेसर सेकंदाला २५० वेळा जागा होऊन त्या संदेशाचे एक मोजमाप, म्हणजे नमुना, घेत होता, त्याचे सरासरी २०० मायक्रोअँपिअर. आणि भिंतीवर लावलेला गेटवे, म्हणजे पट्ट्यांचे संदेश घेणारे यंत्र, दर ३० मिलिसेकंदांनी पट्ट्याला हाक मारत होता. प्रत्येक हाकेला उत्तर देताना सुमारे तीन मिलिसेकंद पाच मिलिअँपिअर खर्च होत, म्हणजे सरासरी ५०० मायक्रोअँपिअर. बेरीज ८७०. दोनशेवीसला ०.८७ ने भागले की २५३ तास येतात, म्हणजे साडेदहा दिवस; आणि असे झटके घेतले की बटणसेल आपली शेवटची क्षमता देत नाही, म्हणून नऊ. झोपेतल्या ज्या दोन मायक्रोअँपिअरवर मी भाळलो होतो, त्यांचा या बेरजेत पत्ताही लागत नाही.

दुसरी अडचण संपर्काची आहे. कामगार गेटवेकडे तोंड करून उभा असला की संपर्क उत्तम, आणि भट्टीकडे वळून त्याची पाठ गेटवेकडे झाली की निम्मी पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हरवतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याने भरलेल्या स्नायूत दोनेक सेंटिमीटरमध्येच क्षीण होतात हे वाचले होते. पण घामाने भिजलेल्या सुती बनियनआड, छातीच्या पिंजऱ्यामागे ते प्रत्यक्ष पाहणे वेगळे. हरवलेले प्रत्येक पाकीट पुन्हा पाठवावे लागते, त्यामुळे संपर्काची अडचण ही शेवटी विजेचीच अडचण ठरते.

मला अनेकांनी नवी, आणखी कमी वीज खाणारी चिप घेण्याचा सल्ला दिला आहे. माझे मत असे झाले आहे, की चिप बदलून यातले फारसे सुटणार नाही आणि ती कितीदा व कशासाठी जागी होते हेच ठरवावे लागेल. हे मत बरोबर आहे का, आणि असल्यास कुठून सुरुवात करावी, हे जाणकारांनी सांगावे.

रंकाळाकाठ

तुमचा रोग तुम्हीच अचूक ओळखला आहे. मी पुण्यात याच प्रकारच्या चिपवर फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लिहितो, म्हणून औषधाचे सांगतो.

बीएलईत दोन भेटींमधले अंतर ७.५ मिलिसेकंदांपासून चार सेकंदांपर्यंत ठेवता येते. ते अंतर मध्यवर्ती उपकरण ठरवते, म्हणजे तुमच्या बाबतीत गेटवे; पट्टा फक्त विनंती करू शकतो. तुम्ही विनंतीच केली नसेल, तर गेटवेने आपल्या सोयीचे ३० मिलिसेकंद घेतले असणार. हेच अंतर एक सेकंद केले, तर तुमच्याच मापाने रेडिओचा खर्च ५०० वरून १५ मायक्रोअँपिअरवर येतो. याशिवाय सांगण्यासारखे काही नसेल तेव्हा काही भेटी चुकवण्याची मुभाही मानकात आहे. ठोक्यांचा दर सेकंदाला तेहेतीस वेळा कळून कोणाचेही भले होत नाही.

एक बारकावा घड्याळाचा. झोपेत वेळ मोजणारे घड्याळ ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकावर चालते आहे, की खर्च वाचवण्यासाठी चिपमधल्या रोध-धारित्राच्या आंदोलकावर, हे तपासा. स्फटिक दहा लाखांत वीसेक इतकाच चुकतो. अंतर्गत आंदोलक दहा लाखांत पाचशे चुकेल असे धरून चालावे लागते, म्हणजे एका सेकंदात अर्धा मिलिसेकंद. मग भेट हुकू नये म्हणून रेडिओला तेवढे आधी उठून कान देऊन बसावे लागते, आणि ऐकण्याचा प्रवाह ५.४ मिलिअँपिअर आहे, बोलण्यापेक्षा किंचित जास्तच. एवढ्याने रेडिओचा खर्च सुमारे अठरा टक्क्यांनी वाढतो. काही रुपयांचा स्फटिक वाचवून कित्येक आठवडे गमावलेले प्रकल्प मी पाहिले आहेत.

तुमच्या कामासाठी मी मात्र जोडणीच ठेवणार नाही. बीएलईच्या ४० वाहिन्यांपैकी ३७, ३८ आणि ३९ या तीन जाहिरात-वाहिन्या आहेत, म्हणजे जोडणी न करता सर्वांना ऐकू जाईल असे बोलण्याच्या, आणि त्या २४०२, २४२६ व २४८० मेगाहर्ट्झवर अशा बसवलेल्या आहेत की वायफायच्या नेहमीच्या १, ६ आणि ११ या वाहिन्यांच्या गर्दीतून त्या बऱ्याच अंशी वाचतात. ठोक्यांचा दर आणि पट्ट्याचा क्रमांक एवढीच माहिती एका छोट्या पाकिटात घालून पट्ट्याने ती सेकंदातून एकदा या तीन वाहिन्यांवर उच्चारावी आणि उत्तराची वाट न पाहता झोपी जावे. तिन्ही उच्चार मिळून सव्वा मिलिसेकंदही लागत नाही, आणि महागडे ऐकणे पूर्ण टळते. मुख्य म्हणजे शेडच्या दोन-तीन भिंतींवर गेटवे लावता येतात आणि त्यांपैकी कोणत्याही एकाने ऐकले तरी काम होते. तुमचा पाठ फिरवण्याचा प्रश्न इथेच बहुतांशी सुटेल.

वैद्यकवाटा

मी गेली बावीस वर्षे इथे मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. मंगळवारपेठी, तुमच्या कामाचे मनापासून कौतुक आहे, पण वीज वाचवण्याच्या ओघात काय गाळले जाते याकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते.

ठोक्यांचा दर आणि हृदयाचा आलेख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एट्रियल फिब्रिलेशन या लय बिघडण्याच्या विकारात ठोके अनियमित पडतात हे दोन ठोक्यांमधल्या अंतरांवरून कळते. पण आलेखातली पी-लहर नाहीशी झाली आहे का, त्यातला एसटी नावाचा भाग खाली गेला आहे का, हे पाहायला आलेखच लागतो. मिनिटाच्या सरासरीत यातले काहीही उरत नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी चालत्या-फिरत्या माणसाचा आलेख रेडिओने पाठवला, तेव्हा त्या माणसाच्या पाठीवर सुमारे ३८ किलोचे यंत्र होते. एवढे ओझे वाहण्याचे कारण हेच होते, की पलंगावर झोपवून काढलेल्या काही सेकंदांच्या आलेखात जे सापडत नाही ते दिवसभराच्या आलेखात सापडते. आज तेच काम काही ग्रॅममध्ये होत असताना आपण आलेख फेकून फक्त एक आकडा पाठवणार असू, तर त्यामागचे कारण पक्के हवे.

तुमच्या उद्देशापुरते कारण पक्के आहे असे मला वाटते. भट्टीसमोरच्या माणसाचे निदान करणे हे तुमचे काम नाही; त्याला सावलीत बसवण्याची वेळ आली आहे का, एवढेच तुम्हाला सांगायचे आहे. त्यासाठी ठोक्यांचा दर आणि विश्रांतीनंतर तो किती लवकर खाली येतो, हे पुरेसे उपयोगी आहे.

त्वचेचे तापमान मोजून त्यावरून उष्माघात ओळखण्याचा मोह मात्र टाळा. उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते आणि सोबत बरळणे, गोंधळणे, शुद्ध हरपणे ही मेंदूची लक्षणे असतात. घाम वाळताना त्वचा थंड लागू शकते, आणि भट्टीच्या झळीने ती आतून काही बिघडलेले नसतानाही तापू शकते. पट्टा गप्प आहे म्हणून बरळणाऱ्या माणसाला कोणी कामावर ठेवले, तर ते फार महागात पडेल.

मंगळवारपेठी

डॉक्टर, आभार. त्वचेच्या तापमानाचा संवेदक मी पुढच्या आवृत्तीत घालणार होतो. तो बेत रद्द करतो.

आलेखाविषयी एक विचार मांडतो. २५० नमुने प्रतिसेकंद आणि १६ बिट प्रतिनमुना धरले, तर सेकंदाला ४,००० बिट होतात. हे सतत हवेत सोडण्याऐवजी शेवटच्या तीस सेकंदांचा आलेख चिपच्या स्मृतीत फिरता ठेवता येईल; त्याला १५,००० बाइट लागतात आणि या चिपमध्ये ६४ किलोबाइट रॅम आहे. ठोके ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेले, तरच तेवढा तुकडा पाठवायचा. एरवी फक्त आकडा.

वैद्यकवाटा

हे उत्तम आहे. त्या तीस सेकंदांत घटनेच्या आधीचा भाग येईल याची काळजी घ्या. लय बिघडायला सुरुवात कशी झाली हे आम्हाला पाहायचे असते.

शाहूपुरीची_लेक

मी मूळची शाहूपुरीची असून बंगळुरूमध्ये अॅनालॉग चिपच्या आराखड्याचे काम करते. चिप बदलून फारसे सुटणार नाही या धागाकर्त्यांच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण त्यामागचे कारण सांगितले तर कोणती चिप बदलल्याने उपयोग होईल हेही कळेल.

कमी विजेच्या चिपचे मूळ मनगटी घड्याळात आहे. १९६०-७०च्या दशकांत स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल येथील संशोधकांपुढे प्रश्न होता, की एका लहानशा सेलवर क्वार्ट्झ घड्याळ वर्षभर कसे चालवायचे. ट्रान्झिस्टर पुरता चालू न करता उंबरठ्याच्या खाली, ज्याला वीक इन्व्हर्जन म्हणतात त्या अवस्थेत, नॅनोअँपिअरच्या प्रवाहात काम करू शकतो, हे एरिक व्हितोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरात आणून दाखवले. रंकाळाकाठ यांनी सांगितलेला ३२,७६८ हा आकडाही घड्याळाकडूनच आला आहे: तो पंधरा वेळा निम्मा केला की नेमका एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक टिक. आपल्या वडिलधाऱ्यांच्या मनगटावर जे स्फटिक टिकटिकत होते, त्याच जातीचे स्फटिक आज या पट्ट्यांना झोपेतून उठवतात, हे मला फार सुंदर वाटते.

या मार्गाने मोजणारी आणि हिशेब करणारी मंडले खूप काटकसरी झाली. रेडिओ त्या प्रमाणात होऊ शकत नाही, कारण त्याला ऊर्जा खरोखरच शरीराबाहेर फेकावी लागते. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. तेवढे हवेत सोडण्यासाठी तुमची चिप ३ व्होल्टवर ५.३ मिलिअँपिअर, म्हणजे जवळपास १६ मिलिवॅट घेते. हा आकडा एका पिढीत निम्मा होईल. शंभरावा हिस्सा होणार नाही. म्हणून नवी रेडिओ-चिप घेऊन थोडे मिळेल, आणि रेडिओला कमी वेळा उठवून पुष्कळ मिळेल.

ईसीजीचा संदेश घेणाऱ्या चिपमध्ये मात्र बदलाला वाव आहे. मॅक्स३०००३ या चिपचा खर्च ८५ मायक्रोवॅट आहे, आणि ठोका ओळखण्याचे काम तिच्या आतच होते. ठोका पडला की ती प्रोसेसरला खुणावते. म्हणजे तुमचा प्रोसेसर सेकंदाला २५० ऐवजी दीडदोन वेळा उठेल. फक्त तिला लागणारे कमी व्होल्टेज साध्या लिनियर रेग्युलेटरने काढू नका, कारण उरलेले व्होल्ट तो उष्णतेत घालवतो आणि सेलमधून प्रवाह तेवढाच जातो. स्विचिंग कन्व्हर्टर लावा.

आणखी एक गोष्ट तुमच्या जागेपुरती महत्त्वाची आहे. डेटाशीटमधला झोपेचा आकडा २५ अंशांवरचा असतो. तापमान वाढले की ट्रान्झिस्टरची गळती झपाट्याने वाढते. ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांना ती दुप्पट होते. तुमचा पट्टा अंगावर चाळिशीच्या आसपास असतो. आज ते दोन मायक्रोअँपिअर नगण्य आहेत, पण बाकीचा खर्च कमी होत गेला की ते डोके वर काढतील.

सूतगिरणी

इचलकरंजीत वस्त्रोद्योगात शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष सगळ्यांत आधी पट्ट्याच्या कापडाकडे गेले. चर्चा चिपपाशी थांबली आहे, पण तिच्याकडे येणारा संदेश इलेक्ट्रोडवर ठरतो. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे चिकट जेल-इलेक्ट्रोड रुग्णालयात उत्तम असतात. रोज आठ तास घामात लावले तर त्वचा सोलवटते आणि जेल वाळते. कामगारासाठी चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्याचे विणलेले इलेक्ट्रोड बरे. ते कोरडे असताना सुरुवातीला संदेश खवखवीत येतो, म्हणून पट्टा बांधण्यापूर्वी पाण्याचा हात फिरवावा. घाम सुटला की संपर्क आपोआप सुधारतो.

खरा प्रश्न धुलाईचा आहे. ब्लीचिंग पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर यांनी चांदीचा थर लवकर खराब होतो. घरी तो पट्टा कोणीतरी बाकी कपड्यांबरोबर भिजवणारच, म्हणून इलेक्ट्रॉनिक डबी बटणांनी सुटी होणारी ठेवा आणि कापडी भाग ठरावीक महिन्यांनी बदलण्याची वस्तू समजा. खवखवीत संदेशाचा वीजखर्चाशीही थेट संबंध आहे: खोटे ठोके आले, की खोट्या सूचना आणि खोटे तीस सेकंदांचे आलेख हवेत जातात.

लालमाती

मी तालमीत मुलांची मेहनत घेतो. जोर, बैठका आणि लढतीच्या सरावात पोरांचे ठोके किती चढतात आणि किती वेळात उतरतात हे पाहायला मी बाजारातला एक छातीपट्टा घेतला. तालमीच्या खोलीत तो नीट चालतो, पण उघड्या मैदानावर पळवताना पोरगं पाठमोरे झाले की फोनवर आकडा थांबतो. उघड्यावर तर अडथळा कमी असतो, मग उलटे का होते?

रंकाळाकाठ

वस्ताद, याचे उत्तर भिंतींमध्ये आहे. लहरी छातीतून आरपार पाठीकडे जातच नाहीत. त्या भिंतीवर, छतावर आपटून वळसा घालून फोनपर्यंत येतात. तालमीच्या खोलीत चारी बाजूंनी असे वळसे मिळतात. मैदानावर आपटायला काही नसते, त्यामुळे शरीराची सावली पूर्ण पडते. फोन पैलवानाच्याच दंडावर समोरून बांधला, किंवा दरच नोंदवून ठेवणारा पट्टा घेऊन नंतर आकडे उतरवले, तर अडचण येणार नाही.

फाउंड्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये वळसे भरपूर मिळतात, म्हणून तिथे दोन गेटवे पुरतील असा माझा अंदाज आहे. अँटेना त्वचेला चिकटू देऊ नका. डबीत त्वचेच्या बाजूला पाच मिलिमीटर फोम घालून अँटेनाची कड बाहेर ठेवा. त्वचेच्या सान्निध्यात अँटेनाची वारंवारिता सरकते आणि पाठवलेली शक्ती तिथेच मुरते.

लालमाती

समजले. आमच्या ओळखीच्या एका जुन्या खेळाडूकडे फार पूर्वीचा पट्टा आहे, तो पाण्यातही चालतो म्हणे. नवे पट्टे पाण्यात का चालत नाहीत?

शाहूपुरीची_लेक

तो ५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारा असावा. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८०च्या दशकात असे पट्टे लोकप्रिय केले. इतक्या कमी वारंवारितेचे चुंबकीय क्षेत्र पाण्यातून सहज जाते, पण ते हातभर अंतराच्या पुढे पोहोचत नाही आणि माहितीही अगदी थोडी नेते. फाउंड्रीत त्याचा विचार नको: इंडक्शन भट्टीचे चुंबकीय क्षेत्र शेकडो ते काही हजार हर्ट्झचे असते, आणि ते अशा पट्ट्यात सरळ शिरेल.

शरीराचाच तारेसारखा वापर करण्याचीही एक वाट आहे. एमआयटीमध्ये थॉमस झिमरमन यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात ती दाखवली, आणि शरीरालगतच्या जाळ्यांसाठी २०१२ साली आलेल्या आयईईई ८०२.१५.६ या मानकात तिला २१ मेगाहर्ट्झभोवतीची जागा आहे. छातीवरून मनगटावर संदेश न्यायला ती सुरेख आहे, पण भिंतीवरच्या गेटवेपर्यंत तिचा उपयोग नाही.

शिये_नाका

अंगाच्या उष्णतेवर वीज तयार करणाऱ्या पट्ट्यांविषयी वाचले होते. भट्टीपाशी उष्णतेची कमतरता नाही. तर सेलच काढून टाकता येणार नाही का?

शाहूपुरीची_लेक

त्या यंत्रणेला उष्णता नव्हे तर तापमानातला फरक लागतो. त्वचा ३३-३४ अंशांवर आणि हवा वीस अंशांवर असेल तर चौरस सेंटिमीटरला काही मायक्रोवॅट हाती लागतात. मे महिन्यात शेडमधली हवाच त्वचेइतकी तापलेली असते, तेव्हा जवळजवळ काहीच मिळत नाही. जिथे पट्ट्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती वीज सर्वांत कमी.

गोकुळशिरगावची_सून

मी हा धागा सुरुवातीपासून वाचते आहे. माझे वडील एकतीस वर्षे मोल्डिंग आणि ओतकामावर होते. चिपचे मला कळत नाही, पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. हे आकडे भिंतीवरच्या यंत्रातून कोणाच्या पडद्यावर जाणार आहेत? ज्याचे ठोके जास्त वेळा चढतात, त्याला पुढच्या हंगामात कामावर घ्यायचे नाही असे कोणी ठरवले, तर तो पट्टा त्याच्या जिवासाठी होता असे कसे म्हणायचे? माझे वडील असते तर त्यांनी पट्टा बांधून घेतला असता आणि छातीवर सैल सोडला असता. आकडा आधी ज्याचा आहे त्याला कळायला हवा.

मंगळवारपेठी

ताई, दोन दिवस या प्रश्नावर विचार करत होतो. व्यवस्थापकांनी मला पडद्यासकट यंत्रणा मागितली होती आणि मी ती तशीच करत होतो. तुमचे म्हणणे मान्य करतो. सूचना आधी पट्ट्यातच, कामगाराला मिळाली पाहिजे.

आता त्यातली तांत्रिक अडचण मांडतो. शेडमधल्या आवाजात बझर ऐकू येणार नाही आणि चामड्याच्या अॅप्रनखाली दिवा दिसणार नाही. म्हणजे थरथरणारी छोटी मोटर हवी. ती ८० मिलिअँपिअरपर्यंत घेते आणि बटणसेल एवढा प्रवाह देऊ शकत नाही; त्याचे व्होल्टेज कोसळून चिपच पुन्हा सुरू होईल. रिचार्ज होणारा लिथियम पॉलिमर सेल हा प्रवाह देईल, पण जिथे वितळलेले लोखंड उडते तिथे माणसाच्या छातीवर तो बांधायला माझे मन तयार होत नाही.

शाहूपुरीची_लेक

दोन साधे ट्रिपल-ए अल्कलाइन सेल एकापुढे एक लावा. मोटरचा प्रवाह ते सहज देतात आणि लिथियमच्या आगीची भीती नाही. त्यांचे वजन मिळून तेवीसेक ग्रॅम होईल. बटणसेल तीन ग्रॅमचा होता, पण छातीच्या पट्ट्यात वीस ग्रॅमने काही बिघडत नाही. तुमच्या दोन्ही चिप २ व्होल्टपर्यंत चालतात, म्हणजे प्रत्येक सेल एका व्होल्टपर्यंत वापरून संपवता येईल. शरीरावरचे उपकरण म्हटले की सगळे आपोआप बटणसेलकडे वळतात. इथे ती सक्ती नाही.

रंकाळाकाठ

आणि जाहिरात-पाकिटातला मजकूर सांकेतिक करा. उघड्या पाकिटातला आकडा रस्त्यावरच्या कोणत्याही फोनला वाचता येतो. एनआरएफ५२८३२ मध्ये एईएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीसाठी स्वतंत्र मंडल आहे, त्यामुळे विजेचा खर्च नावापुरता होतो. पट्ट्याचा रेडिओवरचा पत्ताही ठरावीक वेळाने बदलत ठेवा.

एक नियमांची बाब. तुम्ही स्वतःची अँटेना केली, तर बाजारात आणण्यापूर्वी डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या बिनतारी नियोजन विभागाची, ईटीए ही उपकरण-मान्यता स्वतः मिळवावी लागेल. आधीच मान्यता घेतलेले मॉड्यूल वापरलेत तर ते काम सोपे होते. आणि खोक्यावर निदान, उपचार यांविषयी एकही दावा छापण्यापूर्वी २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम वाचा. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली आहेत.

मंगळवारपेठी

काल रात्री नव्या जोडणीचा पहिला पट्टा टेबलावर मोजला, त्याचे आकडे देतो.

ईसीजीची चिप सध्या जुनीच ठेवली आहे, कारण माझ्याकडे तिचा साठा आहे. पण तिला बंद करण्याची पिन आणि इलेक्ट्रोड सुटल्याचे ओळखण्याची सोय आहे, ती मी आधी वापरलीच नव्हती. पट्टा अंगावरून काढला की आता ती झोपते. नमुने घेण्याचे काम प्रोसेसरला न उठवता, टायमर आणि स्मृतीत थेट लिहिणारे मंडल यांच्याकडे सोपवले. तिथले २०० मायक्रोअँपिअर ६० वर आले. रेडिओ सेकंदाला एकदा बोलतो, कधीच ऐकत नाही. त्याचे १५ च्या आत. पाळीभर सरासरी २४५ मायक्रोअँपिअर, म्हणजे आठ तासांना दोन मिलिअँपिअर-तास. मोटर पाळीत वीस वेळा एकेक सेकंद थरथरली असे धरले तरी अर्ध्या मिलिअँपिअर-तासाच्या आत. सुचवलेले ट्रिपल-ए सेल धरून त्यांची क्षमता मी जपून ८०० मिलिअँपिअर-तास धरतो. तीनशे पाळ्या निघतात. सहा महिन्यांचा शब्द दिला होता, तो पाळता येईल.

व्यवस्थापकांशी बसून बोललो. ठोके वाढले की पट्टा आधी कामगाराला थरथरून सांगेल. त्याने पाच मिनिटांत विसावा घेतला आणि ठोके उतरले, तर गेटवेच्या पुढे कोणाकडेही काही जाणार नाही. उतरले नाहीत, तरच शेडमधल्या प्रथमोपचाराच्या टेबलावर दिवा लागेल आणि तीस सेकंदांचा आलेख तिथल्या यंत्रात राहील; तो पाहण्याचा अधिकार कारखान्याच्या डॉक्टरांना आणि त्या कामगाराला. नावानिशी रोजच्या आकड्यांचा तक्ता होणार नाही. हे त्यांनी लगेच मान्य केले नाही. शेवटी मी सांगितले, की तक्ता करायचा असेल तर माणसे पट्टा सैल बांधतील आणि मग तुमच्या हाती येणारा एकही आकडा खरा नसेल. यावर ते तयार झाले.

सोमवारी पहिल्या पाळीत सहापैकी दोन पट्टे जातील, एक भट्टीवर आणि एक ओतकामावर. गेटवे उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर लावले आहेत. किती पाकिटे हरवली, इलेक्ट्रोड किती वेळा सुटले आणि मोटर किती वेळा विनाकारण थरथरली, ते पंधरा दिवसांनी इथेच लिहितो. सूतगिरणी, धुलाईसाठी दोन जादा कापडी पट्टे लागतील. तुमच्याकडच्या धाग्याचे नमुने पाहायला शनिवारी इचलकरंजीला येतो.